चौकटीबाहेरचा दोरा

एस.टी. पंक्चर झाली की सगळे प्रवासी कंडक्टरवर डाफरत, आणि आमच्या चित्रकलेच्या वाघमारेबाई खूश होत. पिशवीतून कॅमेरा काढून त्या थेट कुणाच्यातरी बांधावर जाऊन उभ्या. अहमदपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. पेपर तपासायला आम्ही बरोबरच नांदेडला जायचो, आणि ‘बाई, गाडी निघाली!’ असं ओरडणं हे माझ्याकडे आपोआप आलेलं काम होतं.

बाईंना फक्त आभाळ हवं असे. वळवाचे ढग, धुळीची वावटळ, मावळतीची लाली. झाडाचा शेंडा आणि देवळाचा कळस चालायचा, त्याखालचं सगळं कापलेलं. खेड्यातली पोरं ‘आमचा काढा’ म्हणत पुढं आली की बाई कॅमेरा आणखी वर उचलत.

“मानसं आली की फोटो नासतोय, सर. आभाळ बगा, कधी पोज देत न्हाई.”

“बाई, तो नुसता प्रकाशाचा खेळ आहे.”

“आसू द्या की. खेळ तर हाय!”

मग भूकंप झाला. सुट्टीत भटकताना बाईंनी औशाच्या पुढच्या एका गावचे फोटो काढले होते, ते गाव पार झोपलं. शाळेनं जमवलेले कपडे घेऊन आम्ही तिथल्या लोकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा बाईंनी ते फोटोही बरोबर घेतले. कुणी कळस ओळखला, कुणी पिंपळ. गंगाबाई नावाच्या एका बाईनं मात्र एक फोटो हातातून सोडलाच नाही. काळ्या ढगांत वर्तमानपत्राचा पतंग होता, त्याला लाल शेपटी.

“ह्यो माझ्या लुगड्याचा काठ हाय,” ती म्हणाली. “माझ्या दत्तूचा पतंग.”

दत्तू ढिगाऱ्याखाली गेला होता. त्याचा एकही फोटो कुणी कधी काढलेला नव्हता. गंगाबाईनं फोटो पुढ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर धरला, पतंगाच्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि ते खाली खाली आणलं. फोटोची कड संपली, तरी बोट पेटीवरून पुढं सरकत राहिलं.

“बाई, जरा खाली धरला आसता तर?”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. मग तिनंच बाईंचा हात धरला. “आता काढा की. तितंच आसल त्यो.”

बाईंनी ‘काढते’ म्हणून मान डोलावली. परतताना बसमध्ये त्या एवढंच बोलल्या, “पोरगं मला दिसलतं, सर. मीच कॅमेरा वर उचलला.”

गाव दुसरीकडं वसलं. जुन्या जागी बाभळी माजल्या. बाई मात्र दरवर्षी तिथं जात, जिथून पतंग टिपला त्याच बांधावर उभ्या राहत आणि कॅमेरा खाली धरत. मी तोवर लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो होतो. येता-जाता त्या डोकावायच्या. निकालाच्या फलकांवरच्या पोरांच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणायच्या, “तुमच्या लातुरात आता आभाळाला जागाच न्हाई!” मग फोटो दाखवायच्या. बाभळी, दगड, गवत.

“बाई, आता पुरे करा.”

“शब्द दिलाय, सर.”

बाई अचानक गेल्या. त्यांचा माझ्या आयुष्यात केवढा आधार होता, हे तेव्हा कळलं. कॅमेऱ्यात राहिलेला रोल मीच धुवायला दिला. तेच दगड, त्याच बाभळी. पण एका फोटोत वरच्या कडेपासून एक बारीक रेघ तिरपी उतरत बाभळीमागं गेली होती.

“ओरखडा हाय, सर,” स्टुडिओवाला म्हणाला.

मी हो म्हणालो. पण ओरखड्याला असा झोल पडत नाही. झोल वाऱ्यातल्या दोऱ्याला पडतो.

तो फोटो घेऊन मी गंगाबाईंच्या नव्या घरी गेलो. त्या आता पार थकल्या होत्या. काही न विचारता त्यांनी भिंतीवरचा पतंगाचा फोटो काढला आणि माझ्या फोटोच्या वर, कडेला कड लावून ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींना बरोबर जुळल्या. फिजिक्सचा मास्तर असून मी ते दोन्ही फोटो हलू नयेत म्हणून दाबून धरले.

गंगाबाईंचं बोट पतंगापासून निघालं, कड ओलांडून खाली आलं, आणि बाभळीपाशी थांबलं. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“लई वाळलंय माझं लेकरू,” त्या म्हणाल्या.