ऐन वेळी आईस्क्रीम

माझ्या नवऱ्याला बेसबॉल कळत नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं. पुण्यात तो कॉलेजच्या टीममध्ये ओपनिंगला जायचा. त्यामुळे हातात बॅट असलेला कुठलाही खेळ आपलाच, अशी त्याची समजूत. इथे परदेशात आल्यावर आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने हेन्डरसन या आमच्या उपनगरात बेसबॉल सुरू केला आणि पेनरोज भागातल्या कारखान्यातला हा शांत इंजिनियर बाकावरून ओरडायला लागला.

एकदा तिने जरा कडेवरून जाणारा चेंडू सोडून दिला. हा टाळ्या वाजवत उठला, “वेल लेफ्ट, बेटा!” क्रिकेटमध्ये याला शहाणपणा म्हणतात. इथे अंपायरने तिला आउट दिलं. सोडलेला चांगला चेंडूही इथे स्ट्राइक धरतात, आणि हा तिचा तिसरा होता; तिसऱ्याला आउट.

अख्ख्या सीझनमध्ये तिचा एकही फटका लागला नाही. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “आई, उद्या वन हिट पण नाही मिळाली, तर आय ॲम डन.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मोबाइलवर तिच्या लाडक्या खेळाडूला पाहत बसलो. भलताच थोर माणूस म्हणे. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी माणूस बघते. तो दोनदा चुकला. दोन्ही वेळा मागे सरला, बॅटकडे पाहिलं, श्वास घेतला, परत उभा राहिला.

“चुकल्यावर हा कोणाकडे बघतो गं?”

“नोबडी.”

“आणि तू?”

तिने मोबाइल बंद केला. ती प्रत्येक चेंडूनंतर बाबाकडे बघायची, आणि बाबा डोक्याला हात लावून बसलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर जवळ आला तशी मी नवऱ्याला म्हटलं, “अरे, डेअरीतून आईस्क्रीम आण ना. नंतर गर्दी होते.” इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात.

“आत्ता? ती बॅटिंगला येईल!”

“अजून चौघी आहेत पुढे.” एकच होती.

पहिला चेंडू चुकला. सवयीने तिने बाकाकडे मान वळवली. तिथे फक्त मी, चिवडा खात. माझ्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. मग ती मागे सरली, बॅटकडे पाहिलं, श्वास घेतला. पुढचा चेंडू तिने असा हाणला की तो गवतावरून पार कुंपणापर्यंत गेला. माझा चिवडा सांडला. ती पहिल्या बेसवर पोचली होती!

मी उड्या मारत हात हलवले. ती हसली, आणि माझ्या शेजारची रिकामी जागा बघत राहिली. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते, ती खुशी तिथेच मेली.

तेवढ्यात तो कुंपणापलीकडून जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत धावत आला, दोन्ही हातांत कोन.

“बाबा! डिड यू सी?”

“पाहिलं! सगळं पाहिलं!” तो ओरडला.

मग एक कोन माझ्या हातात कोंबत पुटपुटला, “चौघी होत्या ना पुढे? काही पाहायला मिळालं नाही मला,” आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.