जणू तुटलेला दोर

मेस्त्रींनी सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि तेवढ्या काळात अहवालांत दोनच वाक्यं लिहिली : ‘बिघाड होता’ आणि ‘बिघाड नाही.’ पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या हाती एक तक्रार आली. एका इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी, म्हणजे एका निवृत्त टंकलेखिकेनं लिहिलं होतं, ‘आपली लिफ्ट वर जाताना कण्हते, खाली येताना सुस्कारे टाकते आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार करत बसते.’

मेस्त्रींनी ते तीनदा वाचलं. लिफ्टचं तेलपाणी केलं आणि कागद घरी आणला. वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांना दाखवला.

“ही चेतनगुणोक्ती, भावजी. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते.”

“असं आणखी काही असतं?”

दर रविवारी एक अलंकार, असा रतीब सुरू झाला. उपमा सहज जमली. व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून टोमणा, त्यांनी थोरल्या भावावर करून पाहिली. भावानं आभार मानले.

उत्प्रेक्षेच्या, म्हणजे ‘जणू’च्या आठवड्यात त्याच इमारतीच्या लिफ्टच्या दोराची एक तार सुटलेली दिसली. मेस्त्रींनी अहवालात लिहिलं, ‘दोर जणू तुटलाच आहे.’

साहेबांचा फोन आला. “दोर तुटलाय?”

“जणू.”

“जणू म्हणजे किती?”

“उत्प्रेक्षेत माप नसतं, साहेब.”

साहेबांनी लिफ्ट पाच दिवस बंद ठेवली. सहाव्या दिवशी बाईंचं पत्र आलं : ‘आपल्या मेस्त्रींचे उपकार कसे फेडू? मला गुडघे आहेत हे मी विसरतच चालले होते.’ कंपनीनं ते फलकावर लावलं आणि मेस्त्रींना प्रशस्तिपत्र दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रींचे कान लाल झाले.

संध्याकाळी ते चौथ्या मजल्यावर गेले.

“बाई, चुकलो. व्याजस्तुती पोचली.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “निवृत्त झाल्यापासून अशी पत्रं लिहितेय. सगळे उलट धन्यवाद कळवतात. मी चिडलेय हे ओळखणारे तुम्ही पहिले. आत या.”

चहा घेताना मेस्त्रींनी अहवालातल्या ‘जणू’ची हकिगत सांगितली. नव्या अहवालात काय लिहिलंत, असं त्यांनी विचारलं.

“‘दोराची एक तार सुटली होती. दोर बदलला.’”

“छान. एक शब्द काढता येणार नाही.”

“हा कुठला अलंकार?”

“कुठलाच नाही.”

मेस्त्री जरा हिरमुसले. पण दुसरा कप त्यांनी नको म्हटला नाही.