आतडं ओव्हरटाइम करत नाही

गुरुवार, सकाळी दहा. आकुर्डी, डॉ. घारे मॅडमची सर्जरी ओपीडी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून चाकणपासूनचे सगळे हर्निये त्याच दिवशी बाकावर येऊन बसतात! माझंही ऑपरेशन मॅडमनीच केलं. मी पडलो वार्ताहर; तेव्हापासून बातमी असो-नसो, तिथे चहाला जातो. किस्से आपोआप साठतात.

*

ज्ञानोबा चाकणच्या एका कंपनीत लोखंडी कास्टिंग हातानं उचलून मशीनवर ठेवायचा. जांघेत फुगवटा घेऊन आला.

"उभे राहा. खोका," मॅडम म्हणाल्या.

"मला खोकला न्हाई, मॅडम!"

"मला हवाय. खोका!"

खोकला, आणि फुगवटा टम्म!

*

"पर हे हाय काय?"

"पोटाची भिंत म्हणजे टायर, आतडं म्हणजे ट्यूब. काहींची जन्मापासूनची वाट बुजलेली नसते, तिथून ट्यूब उतरते. काहींचा टायरच झिजतो, मग ती समोरूनच डोकावते."

"म्हंजी एक दारातनं, दुसरा भिंतीतनं!"

"शाब्बास! तुमचा दारातला."

"गोळी द्या की."

"गोळीनं पंक्चर निघतं का? ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल."

ज्ञानोबानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "सुट्टी टाकली तर जागा जाईल. पट्टा बांधतो."

"बांधा. पण आडवं होऊनही आत गेलं नाही, दुखलं, उलटी झाली, तर तसेच पळत या."

*

तो दिवस भर पाळीत उगवला. सुपरवायझरचा फोन: "मॅडम, शिफ्ट सुटली की पाठवतो."

"अहो, आतडं ओव्हरटाइम करत नाही! आत्ताच्या आत्ता गाडीत घाला!"

ऑपरेशन थिएटरात मॅडमनी मलाही कोपऱ्यात उभं केलं; अडकलेलं आतडं काळवंडलं होतं. मॅडम ते गरम ओल्या कपड्यात धरून थांबल्या. कापायची घाई नाही. हळूहळू ते गुलाबी झालं! मंत्र्यांना घाम फोडणारे पुष्कळ पाहिलेत मी. असा धीर नाही पाहिला.

*

डिस्चार्जच्या कागदावर 'वजन उचलू नये' लिहून मॅडमचं समाधान होईना. मला घेऊन थेट कंपनीत! ज्ञानोबाच्या मशीनवर वजन उचलायचा होइस्ट टांगलेला. त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हा का वापरत नाही?" मी विचारलं.

"लाइन स्लो होते, साहेब," मॅनेजर म्हणाला.

"मग ज्ञानोबाला बैठं काम द्या. लेखी!" मॅडम. त्याच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसल्या, उठल्याच नाहीत. लेखी मिळालं. ज्ञानोबा आता तपासणीच्या टेबलावर बसतो. पेढे घेऊन आला होता.

*

परवाचा गुरुवार. बाकावर नवा माणूस.

"खोका."

खोकला.

"कामाला कुठं?"

"ज्ञानोबाभाऊंच्या जागेवर."

मी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. होइस्टवरचं प्लास्टिक काढलं का, एवढंच विचारलं. "चेक करून सांगतो," म्हणाला.

अजून सांगितलेलं नाही.