प्रकाशभाऊजींची स्मरणशक्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची आणि आमच्या घरच्यांची गाठ काही पडायची नाही.

आमच्या मुलुंडच्या घरात विसराळू कोण, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक — मी. कपाळावर चष्मा ठेवून तोच घरभर शोधणारी. एकदा तर चुकीच्या हॉलमध्ये आहेर देऊन, जेवूनही आले. नवरदेव भलताच दिसतोय हे मठ्ठा पिताना लक्षात आलं.

आणि प्रकाशभाऊजी, माझे धाकटे दीर — त्यांना सगळं पाठ. कुणाचा वाढदिवस, कुणाचं पथ्य. त्यांना एचआयव्ही आहे, कित्येक वर्षं. गोळी कधी चुकली नाही, तब्येत ठणठणीत. हा आजार घेऊन माणसाचं वय वाढतं तेव्हा मेंदू कसा चालतो, आठवण कशी राहते, यावर एका रुग्णालयात वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय. त्यात ते दरवर्षी जातात. ऐकलेले शब्द परत सांगायचे, भोकांत खुंट्या बसवायच्या. सोबत मी. घरच्या माणसालाही एक फॉर्म भरावा लागतो — हे विसरतात का, वस्तू हरवतात का.

तर — कसं सांगू? गेल्या वर्षी एका सकाळी गॅसवर दूध राहिलं. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, शेजारच्या बाई धावत आल्या. कोणी ठेवलं होतं, म्हणून हे ओरडले. आणि माझ्या तोंडून निघालं — भाऊजींनी असेल.

ठेवलं होतं मी.

सगळ्यांना लगेच पटलं. ज्याच्या आठवणीची दरवर्षी परीक्षा होते, तोच विसरला असणार ना? भाऊजी नुकते आंघोळ करून आले होते, खांद्यावर टॉवेल. बराच वेळ तसेच उभे राहिले — खरंच आठवून बघत होते हो. मग म्हणाले, "असेल वहिनी. माझ्याकडूनच राहिलं असेल."

तेव्हा बोलता आलं असतं. संध्याकाळीही आलं असतं.

सकाळचा पहिला चहा तेच करायचे, आलं ठेचून, मी उठायच्या आधी. त्या दिवसापासून गॅसला हात लावला नाही. ते पातेलंही तेच घासत बसले. खिशात छोटी वही आली. आणि मी? सोपं होत गेलं. किल्ली हरवली — भाऊजी. नळ चालू राहिला — भाऊजी.

यंदा फॉर्म भरताना ते शेजारीच बसले होते, बघत. 'विसरतात का' पुढे मी 'हो'वर खूण केली.

तपासणाऱ्या मॅडम तरुण, गोड. म्हणाल्या, "काका, सगळं पहिल्यासारखंच आहे. काहीच कमी झालेलं नाही."

भाऊजी हसले. "तुमच्या खोलीत तासभर जमतं हो मॅडम. खरं काय ते घरच्यांना कळतं. विचारा आमच्या वहिनींना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली — हो म्हणून.