फाइलीतलं पहिलं पान

हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी टाळत आले — आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. कोलार रोडच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे मला वचकून असतात. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं मीच चारचौघांत सांगत असते. मग हे एवढंच कसं राहिलं?

आमच्या विद्यापीठात सध्या एक प्रदर्शन भरलंय — विद्यार्थ्यांच्या जुन्या आंदोलनांची पत्रकं, फोटो, कार्यालयातल्या फाइली. त्यातली एक भिंत आमची आहे. आम्ही पिपलानीच्या मुली. वडील कारखान्यात, राहायला क्वार्टर, आणि विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलींसाठी एकच बस होती, ती विद्यापीठाने बंद केली. बस बंद म्हणजे निम्म्या घरांतल्या मुलींचं शिक्षण बंद. आम्ही अकराजणी कुलगुरूंच्या दारात सहा दिवस बसलो. घोषणा कोण द्यायचं? मी. फोटोत आ वासून ओरडणारी दिसते ना, ती मीच.

सातव्या दिवशी अकराही जणींना निलंबित केलं. लेखी माफी मागा, तरच परीक्षेला बसता येईल. आम्ही माधुरीच्या घरी जमलो आणि शपथ घेतली — कुणीही लिहून द्यायचं नाही. माधुरी समोरच्या क्वार्टरमधली, माझी जिवाभावाची मैत्रीण. शांत मुलगी, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

दोन आठवड्यांत नऊजणींनी माफी लिहून दिली. त्यांना मी काय काय बोलले! एकीला तर भर कँटीनमध्ये शेपूटघालू म्हटलं. ती डबा तसाच टाकून उठून गेली. पुढे मला परीक्षेला बसू दिलं, तेव्हा मी सांगितलं की जबलपूरच्या वकील काकांनी नोटीस धाडली म्हणून. काका वकील होते, एवढंच त्यात खरं.

माधुरीने लिहिलं नाही. तिचे वडील दोनदा विद्यापीठात जाऊन आले. मुख्य सूत्रधार तीच आहे, तिला सवलत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. एवढी शांत मुलगी सूत्रधार कशी, याचं सगळ्या कॉलनीला नवल वाटलं. मीही नवल केलं. तिचं वर्ष गेलं, मग शिक्षणच राहिलं. बिट्टन मार्केटजवळच्या एका शाळेत तिने जन्मभर पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवलं, आणि मी प्राध्यापक झाले.

आता कळलं असेल तुम्हाला — पण सगळं नाही. थांबा जरा.

हे प्रदर्शन अंकिता नावाच्या तरुण प्राध्यापिकेने मांडलंय. माफीनाम्यांची फाइल तिला सापडली आणि नावं ओळखायला तिने बोलावलं कुणाला? मला. पानांवर लाल पेन्सिलीने एक ते दहा आकडे होते. पहिलं पान माझं होतं. अंकिता चहा सांगायला बाहेर गेली, तेवढ्यात मी ते घडी करून पर्समध्ये टाकलं. तिने परत येऊन पानं चाळली आणि म्हणाली, "मैडम, एक नंबर तो है ही नहीं." मी म्हटलं, वरचं कव्हर असेल, गळालं असेल. पोरीने विश्वास ठेवला. निलंबितांच्या यादीतल्या ज्यांचं पत्र फाइलीत नाही, त्यांनी माफी मागितली नाही, असाच अर्थ तिने लावला. दुसरा कुठला लावणार? भिंतीवर मोठ्या अक्षरांत ठळक मथळा आला, जिन्होंने माफ़ी नहीं माँगी, आणि त्याखाली दोन नावं. माधुरीचं आणि माझं.

उद्घाटनाला माधुरी आली होती. त्या नावांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "खरं सांगू? वकिलाच्या नोटिशीचं मला कधी पटलं नव्हतं ग. इतकी वर्षं वाटायचं, मीच एकटी पागल होते. आज कागदावर बघितलं — तू पण होतीस."

मी तिचा हात दाबला. हो म्हणाले!

घरी येऊन ते पान उलगडलं. नऊजणींनी कार्यालयाने दिलेला तीन ओळींचा मजकूर उतरवून दिला होता. माझ्या पत्रात चौथी ओळ आहे. ती कुणी मागितली नव्हती, कुणी धाक घातला नव्हता, बाबांना तर पत्राचा पत्ताही नव्हता. मी आपणहून लिहिलं, की या सगळ्यामागे माधुरी आहे, तिनेच मला भरीस घातलं. आणि तारीख? शपथ घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. नऊजणी कोसळायच्या आधीची. म्हणून तर ते पहिलं पान.

काल ते मी अंकिताच्या हातात दिलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बाकीच्या माफीनाम्यांबरोबर मांडायला काचेच्या पेटीची किल्ली काढली. भिंतीवर आता एकच नाव राहील.

रविवारी माधुरी तिच्या नातीला तिथे नेणार आहे, दोन नावं दाखवायला. त्याआधी, आज संध्याकाळी, मी पत्राची झेरॉक्स घेऊन तिच्या घरी जातेय. तिचा चष्मा शोधायची गरज पडणार नाही. चौथी ओळ मीच वाचून दाखवणार आहे — कुलगुरूंच्या दारात घोषणा देत होते, त्याच आवाजात.