घोटीचं एक मिनिट

पप्पा गेल्यापासून दारात उभी असलेली त्यांची डिक्कीवाली गाडी आज विकली, मंडळी.

घेतली तेव्हा सगळे हसायचे, "एवढंसं इंजिन, किती टिकणार?" पप्पा कसारा घाटात एसी बंद करायचे. वर घोटीला थांबले की गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवायचे. "दम घेऊ दे तिला." घामाघूम झालेली मी मागे बसून जाम चिडायचे.

आज गिऱ्हाईक म्हणून मालेगावचे एक काका आले. चक्कर मारून आले नि म्हणाले, "सतरा वर्षं? इंजिन ते नवंच शे!"

गाडी बंद करायला त्यांनी किल्लीला हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मिनिटभर थांबा. दम घेऊ द्या तिला."

ते थांबले. तुमच्याही घरी असं कुणी होतं का? मला तर ते मिनिट आज पहिल्यांदाच कमी पडलं.