विहिरीच्या तोंडाशी याकोबदादा

साल १९५६. मी तेवीस वर्षांचा होतो. चाकणकडच्या आमच्या गावातून पिंपरीला आलो होतो. तिथं एका नव्या कारखान्यासाठी विहीर खोदायचं काम चालू होतं. शाळा माझी दुसरीपर्यंत. तरी हे मी माझ्याच हातानं लिहितोय. चुका निघाल्या तर माझ्या. दुसऱ्याच्या हातात पेन द्यायचा नाही मला.

विहिरीत सुरुंग लावायचं काम याकोबदादाचं. नगरकडचा ख्रिस्ती माणूस, पन्नाशीचा. रोज सकाळी उतरण्याआधी तो काठावर बसायचा आणि बायबलातलं एक पान मोठ्यानं वाचायचा. ओळीवर बोट ठेवून. आणि ते बोट थरथर कापायचं. आम्ही चिडवायचो, "काय दादा, आज काय म्हणला तुमचा देव?"

"म्हणला, त्या चाकणवाल्याला तंबाखू देऊ नको."

एकदा मी खोचून विचारलं, "देव संगं हाय, मग हात का कापतो?"

"हात माझा हाय, राव. त्याचा न्हाई." पुस्तक फडक्यात बांधत म्हणाला, "भ्या जात न्हाई रे. बायको आजारात गेली तवाबी गेलं न्हाई. पर त्या भ्यात तो जवळ बसून असतो. तेवढं रोज एकदा आठवायचं, बस."

मी हसलो. मी कुणाला भीत नाही, असं सांगत फिरायचो. खरं तर सुरुंग उडाला की मी डोळे गच्च मिटून घ्यायचो.

दादा वाती पेटवून शिडीनं धापा टाकत वर पळायचा, म्हणून उडालेले बार मोजायचं काम माझ्याकडं. जितक्या वाती, तितके बार. एक कमी भरला तर सुरुंगाची दारू खडकात जिवंत आहे. पहार लागली की माणूस संपला.

त्या दिवशी पाच वाती होत्या. चौथ्या बाराला एक दगड माझ्या कानाजवळून गेला. मी मुरुमाच्या ढिगाआड कान गच्च दाबून पडलो. पाचवा झाला की नाही, देव जाणे.

"किती?" मुकादमानं विचारलं.

"पाच."

दादा माझ्याकडं बघत राहिला. "कान झाकले हुतेस का, राव?"

"मी? मी काय ल्हान पोर हाय?"

दादा शिडीच्या तोंडाशी जाऊन बसला. "आज कुणी उतरायचं न्हाई."

"अरे, मोजणारा पाच म्हणतोय ना!"

"त्याचं तोंड म्हणतंय. डोळं म्हणत न्हाईत."

मुकादम भडकला. "पुस्तक वाचून वाचून भित्रा झालास तू. उद्या सकाळी चौघं पहारी घेऊन उतरतील. तू येऊच नको." मग माझ्याकडं वळला. "पुन्हा सांग रे, किती?"

सगळे बघत होते.

"पाच," मी म्हणालो.

दादा दिवस मावळेपर्यंत तिथून हलला नाही. रात्री मी भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावरून काढलेला असूनही आला, शिडीच्या तोंडाशी बसला आणि वाचायला लागला. बोट कापत होतं. चौघंजण पहारी घेऊन उभे होते. "उठतोस, का उचलू?" मुकादम म्हणाला.

मी जाऊन दादाशेजारी बसलो, वाट अडवून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "चारच मोजले मी. पुढं कान झाकले. भ्यालो हुतो."